दहा किलोचं माप

सोमवार, ४ सप्टेंबर

ही वही केंद्रातली आहे. कपाटात कोऱ्या पडून होत्या, त्यातली एक उचलली. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: क्रमांक, उंची, वजन, दंडाचा घेर, शेरा. मी रकान्यांवरून आडवं लिहिणार. माझं सगळं शेऱ्यातच जाण्यासारखं आहे.

आज कुणावर हात उचलला नाही. लिहिण्यासारखी गोष्ट आहे म्हणून लिहिली.

कॉलेज का सोडलंस, असं आज केंद्रातल्या टाचणीने पुन्हा विचारलं. सोडलं नाही, मोडलं. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या तासाला एकाने माझ्या बाबांच्या लंगडण्याची नक्कल केली. त्याच्या कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. माफी माग म्हणाले. म्हटलं, आधी त्याने मागावी. ते काढून टाकणार हे दिसत होतं, तेव्हा मीच दप्तर उचललं. घरी बाबांनी चकार शब्द काढला नाही. आईने विचारलं, जेवलास का.

मग काकांच्या ओळखीने इथे चिकटलो. काम सोपं आहे. गरोदरपणात ज्या बायकांची साखर वाढली होती त्यांची मुलं, आणि ज्यांची वाढली नव्हती त्यांचीही, सगळ्यांना दर तीन महिन्यांनी बोलावून मोजायचं. कुणाचं वजन कोणत्या वयात कसं चढतं हे मोठ्या बाईंना बघायचंय. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या डॉक्टर. कोणत्या मुलाच्या आईला साखर होती ते आम्हाला सांगत नाहीत. माहीत असलं की आकडा वाचताना डोळा लबाडी करतो म्हणे. मी मोजतो आणि मोठ्याने वाचतो, टाचणी लिहितो. टाचणी हा माझा जोडीदार. उंचीला ताड, वजन अठ्ठेचाळीस किलो. पंखा लावला की त्याच्यावर काहीतरी ठेवावं लागेल असा.

एकाच मुलीच्या आईचं मला ठाऊक आहे. तिच्या मावशीने सांगितलं म्हणून.

ती मावशी. नाव इथे लिहिणार नाही, वही कुणाच्या हाती लागली तर. जूनमध्ये आईऐवजी ती भाचीला घेऊन पहिल्यांदा आली. पोर आठ वर्षांची, गोल, बडबडी. काट्यावर चढायच्या आधी मावशीने तिचे बूट काढले, मोजे काढले, मग केसातल्या पिना एकेक करून काढल्या आणि तळहातावर धरून मला विचारलं, "हे किती ग्रॅम असेल?" मी म्हटलं, दहा-बारा. तिने सुटकेचा श्वास टाकला. दहा ग्रॅमसाठी कुणाचा जीव असा खालीवर होताना मी पाहिला नव्हता. वजन सदतीस किलो शंभर ग्रॅम भरलं. त्या दिवसापासून मी कामाचा राहिलो नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

तिच्या दुकानात गेलो होतो. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला पडद्याआड काचा घासून फ्रेममध्ये बसवते. माझे डोळे ठणठणीत आहेत, तरी तपासून घेतले. मालक म्हणाला, नंबर नाही. म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, नीटच बघतोय, तुम्हीच सारखे त्या पडद्याकडे बघताय.

मधल्या सुट्टीत ती बाहेर आली. बोटांच्या टोकांना काचेचा भुगा. विचारल्यावर एकेक बोलली. तिची ताई घरी बसून शर्टांना काजं-बटणं करते. ताईचा नवरा फिटर, पलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज. पोटात असताना ताईची साखर वाढली होती, पोर जन्मली ती सव्वाचार किलोची. तेव्हा वाजतगाजत सांगत फिरला, माझी पोर पैलवान आहे. पाच वर्षांपर्यंत चारचौघींसारखीच होती. सहाव्यापासून वजन चढायला लागलं आणि तेव्हापासून घरात हाणामारी. तूच साखर खाऊन पोर नासवलीस. आमच्या केंद्राच्या वजनाच्या चिठ्ठ्या त्याने दाराच्या आतल्या बाजूला ओळीने चिकटवल्यात. वजन वाढलेलं दिसलं की ताईचं डोकं त्याच दारावर आपटतो. पोरीला एक वेळ जेवायला देतो, फडताळाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

मी विचारलं, दारूडा आहे का. ती म्हणाली, थेंब घेत नाही. त्याच्या आईचा पाय साखरेने कापला होता, मग ती गेली. पोरीचंही तसंच होईल म्हणून घाबरतो, आणि घाबरला की मारतो.

हे मला पटलं नाही. घाबरलेला माणूस मारत नाही. मारतो तो माजलेला असतो. माझे हात शिवशिवत होते, मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तू काही करू नकोस. तिला माझी काळजी वाटते, हे मला त्यावरून कळलं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज टाचणी थोडक्यात वाचला.

दुपारी मुलं नव्हती. तो खुर्चीवर पाय टाकून म्हणाला, "काय रे, नंबर लागला का? लेन्सवाली कोणत्या डोळ्याने बघते तुझ्याकडे?" मी म्हटलं, पुन्हा बोल. तो पुन्हा बोलला, वर डोळा मिचकावला. तळपायाची आग मस्तकात गेली. हाताशी काट्याजवळचं दहा किलोचं माप होतं. लोखंडी, वर कडी असलेलं. एका हाताने उचलून भिरकावलं. दहा किलो मी एरवी दोन हातांनी उचलतो.

टाचणी खाली वाकला. माप भिंतीवर आदळलं, गिलाव्याचा पोपडा उडाला, तिथून ते फरशीवर पडून कोपऱ्यापर्यंत घरंगळलं. एक फरशी फुटली. टाचणी टेबलाखालून म्हणाला, "अरे, अठ्ठेचाळीस किलोच्या माणसासाठी दहा किलो वाया घालवतोस?" मग मलाच हसू आलं.

माप जागेवर ठेवलं. कडी जरा वाकलीय, बाकी काही नाही. लोखंडाला काय होतंय. भिंतीवरच्या खड्ड्यावर हात धुण्याचा तक्ता चिकटवला.

सोमवार, ११ सप्टेंबर

सकाळी काटा जुळवला. दर सोमवारी जुळवायचा असतो. बटण दाबायचं, दहा किलोचं माप ठेवायचं, काटा ते दहा म्हणून लक्षात ठेवतो आणि मग आठवडाभर सगळ्यांना त्या हिशेबाने मोजतो. दोन मिनिटांचं काम.

झाडूवाल्या काकूंना शुक्रवारी कचऱ्यात शिशाचा गोळा मिळाला होता, बटाट्याएवढा, चांगला जड. नळवाल्याचा असेल म्हणून त्यांनी खिडकीत ठेवला. टाचणी म्हणाला, मला द्या, खिशात ठेवून वजन करतो. तो रोज सकाळी पहिलं वजन स्वतःचं करतो. आज पन्नास भरलं. तसाच काट्यावर नाचला. आईने दूध वाढवलंय म्हणे, लागू पडलं. आता मुलगी बघायला हरकत नाही.

एका मुलाची आई मोठ्या बाईंसमोर रडत होती. मी पोटात असताना चहात दोन चमचे साखर घ्यायचे, म्हणून याचं असं झालं का. मोठ्या बाई कधी आवाज चढवत नाहीत, आजही चढवला नाही. म्हणाल्या, चहाच्या चमच्यांचा हा खेळ नाही. गरोदरपणात अंगच साखर आवरेनासं होतं, कुणाचं होतं, कुणाचं नाही. आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाला पोचते, बाळ ती चरबी करून साठवतं. अशातली बरीच मुलं पुढे, पाच-सहा वर्षांनंतर, वजनाने चढतात. सगळी नाही. का चढतात ते नीट कळावं म्हणून तर आम्ही मोजतोय. त्यात तुमचा गुन्हा शोधायला नव्हे. आणि त्याला उपाशी ठेवू नका, घरातल्या सगळ्यांनी जेवणाचं वळण बदला, त्याला खेळायला सोडा.

हे फिटरला ऐकवायला हवं. पण त्याचे कान वेगळ्या जागी आहेत.

बुधवार, १३ सप्टेंबर

ती आली होती. पोर आधीच्यापेक्षा गप्प. गालावर चार बोटांचा पिवळट वळ. मी विचारलं तर म्हणाली, दार लागलं. दाराला बोटं असतात का, मी म्हटलं. त्यावर जराशी हसली आणि स्वतःच बूट, मोजे, पिना काढून ठेवायला लागली. आता तिला सांगावं लागत नाही.

काट्यावर अडतीस किलो सहाशे.

मी मोठ्याने वाचलं. जूनमध्ये सदतीस-शंभर. दीड किलो चढली. तिची मावशी भिंतीला टेकली. तीन महिने एक वेळ जेवतेय रे ती, एवढंच म्हणाली. मग हळूच, "चिठ्ठीवर एक किलो कमी लिही ना. फक्त चिठ्ठीवर. तुमच्या वहीत काय लिहायचं ते लिहा."

मी लिहिलं असतं. खरंच लिहिलं असतं. पण टाचणी लगेच पेन सरसावून म्हणाला, "सदतीस-सहाशे घालतो की. कुणाच्या बापाचं काय जातंय?" आणि ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, जशी माझ्याकडे कधी बघितली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यासाठी भिंत फोडली मी, आणि उदार होणार हा पन्नास किलोचा फुगा?

मी चिठ्ठी त्याच्या हातातून ओढली. म्हटलं, आकडा तो आकडा. इथे खोटं चालत नाही. अडतीस-सहाशे लिहून, सही करून तिच्या हातात दिली. वर म्हटलं, "त्याने हात उचलला तर मला सांग. मी बघून घेतो."

ती पोरीला घेऊन गेली. टाचणी माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, काय बघतोस, प्रामाणिकपणा कधी पाहिला नाहीस का.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

हाताने धड लिहिता येत नाहीये, तरी लिहितो. हे लिहायला हवंच.

दुपारी बाराला ती फाटकाशी आली. आत आली नाही. रडत नव्हती. म्हणाली, आज सकाळी त्याने चिठ्ठी वाचली. दोन दिवस ताईने लपवून ठेवली होती, शर्टांच्या गठ्ठ्यात सापडली. त्याने ताईला विचारलं, कुठून खायला घालतेस. ताई म्हणाली, नाही घालत. तो म्हणाला, काटा खोटं सांगतो का. ताईचा उजवा हात शिलाईच्या टेबलावर दाबून धरला आणि मोठ्या पान्ह्याने मनगटाच्या वर दोन घाव घातले. हाड बाहेर आलंय. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी तिथेच चाललेय, पोर कुठे आहे माहीत नाही, ती दिसली तर सांग.

एवढं सांगून ती गेली. मी गॅरेजवर गेलो.

फिटर गाडीखाली झोपून काम करत होता, नुसते पाय बाहेर. घोट्याला धरून फरफटत बाहेर ओढला. उठायच्या आत तोंडावर बूट घातला. नाकातून रक्ताची धार लागली. तो अंगाने माझ्या दीडपट आहे. उठला, माझा गळा धरला, मला बॉनेटवर आपटलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला चाकं उघडायची लोखंडी टामी लागली. ती जबड्यावर घातली. वाळकं फळकूट मोडावं तसा आवाज झाला आणि त्याची पकड सुटली. खाली बसला. मग बरगड्यांत. एक, दोन, तीन. मग मोजलं नाही. म्हणत होतो, काढ हात, काढ तुझा उजवा हात. तो हात वर करून माझ्या मागे काहीतरी दाखवत होता, बोलता येत नव्हतं, तोंडातून फेस आणि रक्त. मी बघितलं नाही. त्या हातावर मारलं.

दमलो तेव्हा थांबलो.

निघताना दिसलं, मागे टायरच्या चळतीवर पोर बसली होती. तिला तो सकाळी सोबत घेऊन आला असणार. मांडीवर बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. मी तिच्याकडे बघून हसलो. म्हटलं, आता तुला कुणी मारणार नाही. तिने पुडा घट्ट धरला. बापाला तसं बघून भेदरली असेल. शेजारच्या टायरवाल्याला तिला मावशीकडे पोचवायला सांगून मी निघालो. रस्त्याने चालताना लोक बाजूला होत होते. असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, १६ सप्टेंबर

हात पावासारखा फुगलाय. आई शेक देते, विचारत नाही. बाबा मात्र दारात उभे राहून बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते.

फिटरचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधला. तीन बरगड्या. त्याने खाणाखुणा करून सांगितलं, जॅक सरकून गाडी अंगावर आली. एका पोराने हाणलं हे सांगायची लाज वाटत असणार.

तिचा निरोप नाही. दुकानात गेलो तर रजेवर. मालकाने मला बसायलाही सांगितलं नाही. लाजत असेल ती. दवाखान्याच्या गडबडीत असेल. एवढं तिच्यासाठी आजवर कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

मंगळवार, १९ सप्टेंबर

सकाळी टाचणी काट्यावरून उतरून पट्टा बघत उभा. म्हणाला, दोन किलो वाढलो तर पट्टा जुन्याच भोकात कसा? मी म्हटलं, वजन डोक्यात गेलं असेल. तो हसला नाही. तेवढ्यात मोठ्या बाई कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, गेल्या सोमवारपासून मोजलेलं एकूण एक मूल वर गेलंय. ज्यांच्या आयांना साखर होती त्यांचं मी समजू शकते. पण सगळीच? सात दिवसांत?

काट्याभोवती फिरल्या. मग दहा किलोचं माप दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं.

मापाच्या बुडाला एक भोक असतं. माप ओतलं की जरा हलकं भरतं, मग त्या भोकात शिसं भरून बरोबर दहा करतात आणि वर शिक्का मारतात. मला हे माहीत नव्हतं. मी ते माप कधी उलटं केलंच नव्हतं. भोक रिकामं होतं.

काकूंनी खिडकीतला गोळा आणून दिला. त्यावर अर्धा शिक्का होता. चारशे ग्रॅम.

भिंतीवरचा तक्ता टाचणीने काढला. त्याचं बोट खड्ड्यावर होतं. म्हणजे काटा नऊ किलो सहाशेला दहा समजत होता, आणि प्रत्येक मुलाच्या वजनात दर दहा किलोमागे चारशे ग्रॅम आपले घालून सांगत होता. त्रेसष्ट मुलं.

मी कागद घेऊन एकच गणित केलं. अडतीस-सहाशे म्हणजे खरे सदतीस किलो साठ ग्रॅम. जूनमध्ये सदतीस किलो शंभर. पोर चढलीच नव्हती. चाळीस ग्रॅमने उतरली होती. त्या तळहातावरच्या पिनांच्या चौपट.

मी स्टूल उचललं. काट्यावर घालायला की स्वतःच्या डोक्यात, मला माहीत नाही. मोठ्या बाई हलल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "आता आणखी काय फोडणार आहेस?"

मी स्टूल खाली ठेवलं. सगळं सांगितलं. चिठ्ठी, पान्हा, टामी. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, त्या बाईला तू आज जाऊन सांगायचंस. तुझ्या तोंडाने. आणि त्रेसष्ट मुलं परत बोलावून मोजून दे, त्याशिवाय जायचं नाही. नंतर मात्र जा.

बुधवार, २० सप्टेंबर

काल पाय उचलला नाही. आज गेलो.

ताई खाटेवर, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. ती बाजूला स्टुलावर. पोर नव्हती, बाहेर कुणापाशी तरी खेळायला पाठवली होती. मी उभ्यानेच सांगितलं. माप, शिसं, सदतीस-साठ. तुम्ही तिला लपवून काही दिलं नव्हतं ताई, चूक माझी होती, मी हे त्यांनाही जाऊन सांगतो, पोलिसांनाही सांगतो.

ताई मला न्याहाळत होती. मग म्हणाली, "देत होते की मी. रोज एक उकडलेला बटाटा. बटणांच्या डब्यात लपवून. पोर रात्री भुकेने उठून बसायची, तुझा काटा बघत बसू का मी?"

मी म्हटलं, पण वजन तर वाढलं नव्हतं. ती म्हणाली, एका बटाट्याने कुणाचं वाढतं. आणि वाढलं असतं तर? तर त्याने मारलेलं बरोबर होतं का? तू इथे ते सांगायला आलास का, की ज्यासाठी मारलं ते मी केलंच नव्हतं?

मी तसं म्हणालो नव्हतो. पण मला वाटत होतं तसंच काहीतरी.

मी पोरीच्या मावशीकडे बघितलं. म्हटलं, मी त्याला सोडला नाही, तुला कळलंच असेल. तिने मान वर केली. आठवडाभर झोप नसलेले डोळे.

"मी तुझ्याकडे एक किलो मागितला होता," ती म्हणाली. "तू मला जबडा आणून दिलास."

मग म्हणाली, ताईने काल तक्रार दिली. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर अजून शाई होती, मी आधी पाहिली नव्हती. तक्रारीत दोघं आहेत. तो आणि तू.

मी म्हटलं, मी? मी तर तुमच्यासाठी. ताईने डोळे मिटून घेतले. मावशीच म्हणाली, पोरीने पोलिसांना दोघांचं सांगितलं, सारख्याच आवाजात. आता जा.

बाहेर येऊन दवाखान्याच्या भिंतीवर मूठ मारणार होतो. आधीच फुगलेली होती. मारली नाही. दुखेल म्हणून नाही मारली, दुसरं काही कारण नाही.

माझी आणि त्याची एकाच कागदावर नावं. हे मला अजून पचलेलं नाही.

सोमवार, २५ सप्टेंबर

सकाळी चौकीत सही. दर सोमवारी यायचं आहे. बाबा सोबत आले, जामिनाच्या कागदावर त्यांनीच सही केली. परतताना म्हणाले, त्या मुलाचा कान बरा झाला का रे, कॉलेजातल्या? मला माहीत नव्हतं. ते आपल्या चालीने चालत राहिले.

नवीन माप आलं. आता मी आधी उलटं करून बघतो. एकोणतीस मुलं झाली, चौतीस राहिली. प्रत्येक आईला तेच सांगायचं, मागचा आकडा चुकला, चूक आमची. एकीने शिव्या घातल्या. एकजण म्हणाली, बरं झालं, मी तर याचं दूध बंद केलं होतं. खाली मान घालून ऐकायचं. टाचणी पुन्हा अठ्ठेचाळीस. लग्न लांबलं म्हणाला. माझ्याशी अजून तो एवढंच बोलतो.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

त्रेसष्टावी ती पोर.

मावशी आली नाही. ताई आली, प्लॅस्टर गळ्यात अडकवून. टाचणीने तिला खुर्ची दिली. मायलेकी आता मावशीच्या खोलीवर राहतात. जामिनावर सुटलेला फिटर दोनदा दारात येऊन उभा राहिला, तोंडात तारा, ओरडता येत नाही, दार वाजवत राहिला. उघडलं नाही. तिसऱ्यांदा आला नाही, पण येईल, असं ती टाचणीला सांगत होती. डाव्या हाताने बटणं लावायला शिकतेय, एका शर्टाला पाऊण तास लागतो. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, मोजणी चालू ठेवायची का, नको म्हणालात तरी चालेल. ताई म्हणाली, तुमच्या वहीसाठी मोजा. पुढे कुणा बाईच्या कामी येईल. पण चिठ्ठी नको. यापुढे कधीच नको.

पोरीने बूट काढले, पिना काढायला लागली. मी म्हटलं, पिना राहू देत, त्यांचं काही नसतं. तिने ऐकलं नाही. सगळ्या काढून आईच्या मांडीवर ठेवल्या.

आधी उंची. मूल फळीला पाठ लावून उभं राहिलं की हनुवटीखाली हात धरून त्याचं डोकं सरळ करावं लागतं, नाहीतर उंची चुकते. हजारो वेळा केलंय. मी हात पुढे केला.

तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसली. आवाज केला नाही, रडली नाही. कोपरं पुढे, तोंड गुडघ्यात. असं कसं बसायचं ते तिला नीट माहीत होतं.

मी म्हटलं, अगं, मी आहे. ती आणखी आवळून बसली.

ताई उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. माझा हात तसाच हवेत होता, अजून सूज पूर्ण उतरली नाही, सांध्यांवर खपल्या आहेत. मी तो खिशात घातला. खिशात घातल्यावरही ती वर बघेना. टाचणीने पेन ठेवलं आणि मानेने दार दाखवलं.

बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दार लोटून घेतलं. मग पोरीचा आवाज.

"गेला का?"

टाचणी म्हणाला, "गेला."

मग अनवाणी पाय काट्यावर पडल्याचा आवाज आला.